काळा रस्सा, खान्देशी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरोघर होणारे तिखट, दाट कालवण. भाजलेले सुके खोबरे, भाजलेला कांदा, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण तेलात परतायचे, त्यात गरम पाणी किंवा मटणाचे अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, ओतायचे आणि उकळू द्यायचे, एवढीच त्याची मूळ कृती. रस्सा एकच, त्यात काय पडते त्यावरून त्याचे नाव ठरते. बोकडाचे मटण पडले की मटणाची भाजी, बेसनाच्या लाटलेल्या वड्या पडल्या की पाटोडीची भाजी, पातळ पीठ हाताने सोडले की डुबुकवडे आणि जाड शेव पडली की शेवभाजी. इथे ‘भाजी’ म्हणवून घ्यायला हिरव्या पानाची अट नाही.

१९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्हे बदलले तरी चुलीवरचे भगोणे तेच राहिले. तापीच्या खोऱ्यात उन्हाळा कडक, त्या दिवसांत पालेभाजी दुर्मीळ. घरात हमखास असायचे ते टिकाऊ जिन्नस : हरभऱ्याची डाळ, सुके खोबरे, लाल मिरची, कांदा, लसूण, शेंगदाण्याचे तेल. या रश्श्याला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कोठीतली आहे, हे ध्यानात घेतले की त्याची घडण आपोआप कळते.

याच मुलखातले, अंजनी नदीकाठचे एरंडोल जळगाव-धुळे महामार्गावर आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे गावकरी सांगतात. देशात हा मान सांगणारी गावे आणखीही आहेत, पण एरंडोलजवळ पद्मालय हे देवस्थान आहे आणि भीमाने बकासुराला मारले ते तिथेच, अशी तिथली आख्यायिका आहे. राक्षसासाठी भरलेला गाडाभर स्वयंपाक भीमाने वाटेतच फस्त केला, हा त्या कथेचा सगळ्यांना पाठ असलेला भाग. खाण्याच्या बाबतीत हात आखडता न घेणाऱ्या मुलखाला ही कथा शोभते.

रश्श्याची सगळी मदार वाटणावर. खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून थेट आचेवर धरतात. आधी कडा तपकिरी होते, मग तेल सुटून वाटी चक्क पेट घेते. तिला दोन-चार क्षण जळू देऊन फुंकर मारायची. बाहेरून काळी आणि आतून बदामी झाली की ती जमली. आतपर्यंत कोळसा झाला तर सगळा रस्सा कडू होतो आणि मग गुळाचा खडा टाकूनही सावरत नाही. चूल असेल तर कांदे सालीसकट निखाऱ्यात पुरतात आणि वरची जळकी साल काढून आतला मऊ गर घेतात. गॅसवर जाळी ठेवून भाजले तरी चालते. कांदा उभा चिरून तेलात लाल केला तर मात्र चव बदलते, धुराचा वास जातो. पाटा-वरवंट्याने वाटण लोण्यासारखे होते. मिक्सरमध्ये आधी खोबरे कोरडेच फिरवावे, नंतर कांदा, लसूण, आले, कोथिंबीर घालावी, पाणी शेवटी आणि बेताने. सगळे एकदम घातले की खोबऱ्याची कणी राहते आणि ती दाताखाली येते.

काळा मसाला वर्षाचा, उन्हाळ्यात केलेला. धणे, सुकी मिरची, लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, तमालपत्र, शहाजिरे, नागकेशर, बदामफूल, रामपत्री, दगडफूल, हिंग, हळकुंड. प्रत्येक जिन्नस थेंब-दोन थेंब तेलात वेगवेगळा भाजायचा, कारण लवंग आणि धणे एका वेळेत भाजत नाहीत. दगडफुलाच्या नावात फूल असले तरी ते खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारे शैवाक आहे. नुसते हुंगले तर फारसा वास येत नाही, गरम तेलात पडले की काळ्या मसाल्याचा तो ओळखीचा मातकट वास सुटतो. मिरचीसाठी नंदुरबारची बाजारपेठ जवळ आहे. पथारींवर वाळत घातलेल्या लाल मिरचीसाठी ते गाव ओळखले जाते. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेली. त्याआधी इकडच्या स्वयंपाकात तिखटपणाचे काम मिरी आणि पिंपळी करत.

दाटपणाचा प्रश्न निराळा. युरोपीय पद्धतीच्या तिखट-मलईदार पास्त्यात दाटपणा साईचा आणि चीजचा असतो. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यात तो नारळाच्या दुधाचा. काळ्या रश्श्यात दूध, दही, साय यांतले काही पडत नाही, जुन्या पद्धतीत टोमॅटोही नाही. तरी तो भाकरीच्या तुकड्याला धरून राहतो. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असते. बारीक वाटलेले खोबरे आणि कांद्याचा गर ते तेल पाण्यात धरून ठेवतात. मिरचीचा तिखटपणा आणि तिचा लाल रंग दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून मंद आचेवर रस्सा वरचेवर न ढवळता ठेवला की तेल वर येते आणि लाल-काळी तर्री धरते. खळखळून उकळला आणि ढवळत राहिले की तीच तर्री आत मिसळून रस्सा मऊ, एकजीव लागतो. घरात बहुधा दुसरा प्रकार असतो, ढाब्यावर पहिला. काही ढाब्यांवर तर्री वेगळी काढून ठेवतात आणि वाढताना पळीभर वर ओततात. ती डोळ्यांसाठी असते, जिभेसाठी नव्हे.

मटणाचा रस्सा करताना मांस आधी हळद, मीठ आणि आले-लसूण लावून थोड्या तेलात परततात, मग गरम पाणी घालून शिजवतात. हाडांसकट, सावकाश, चुलीवर तास-दीड तास. सांध्याजवळच्या चिवट भागाचा चीक पाण्यात उतरतो आणि ते अळणी बोटाला किंचित चिकटू लागते. स्टेकसाठी निवडक मऊ तुकडा तापल्या तव्यावर काही मिनिटांत उलटून घेतात. त्या रीतीने बोकडाची मांडी भाजली तर खाणाऱ्याचे दात दुखतील. परतलेल्या वाटणात हे अळणीच ओतायचे, साधे पाणी नव्हे. आणि गरमच. थंड पाणी पडले की उकळी मोडते आणि तर्री रुसते, असे बायका सांगतात. आषाढ संपायच्या आत, म्हणजे श्रावण लागण्यापूर्वी, हा बेत बऱ्याच घरांत एकदा तरी होतोच.

मटण नसेल त्या दिवशी पाटोडी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते रश्श्याची खरी परीक्षा तिथेच होते, कारण चवीला मांसाचा आधार नसतो. चौघांसाठी दोन वाट्या बेसन, चमचाभर तिखट, हळद, मीठ, हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा आणि चमचाभर तेल. पाणी चमच्या-चमच्याने घालावे, बेसन फसवे असते. कोरडे वाटता वाटता एकदम चिकट होते. घट्ट गोळ्याची पोळीपेक्षा जरा जाड पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या रश्श्यात एकेक सोडायचे. सगळे एकदम ओतले तर त्यांचा एकच गोळा होतो. आधी तळाशी जातात, थोड्या वेळाने वर येतात. त्यानंतरही आठ-दहा मिनिटे शिजू द्यावेत, नाहीतर मध्ये कच्च्या डाळीची चव राहते. विदर्भातली पाटवडी पीठ आधी शिजवून, थापून केलेली असते. तिची जात वेगळी.

ओल्या पास्त्याची कृती पाहिली तर नाते लगेच दिसते : पीठ मळा, लाटा, कापा, उकळत्यात सोडा. इटालियन घरांत पास्ता उकळलेले पिठाळ पाणी पळीभर सॉसमध्ये घालतात, त्याने सॉस जुळून येतो. पाटोडीला ती वेगळी खटपट नाही. ती रश्श्यातच शिजते, तिचे सुटलेले पीठ रश्श्यातच राहते. म्हणून पाटोडीचा रस्सा सुरुवातीला मुद्दाम पातळ ठेवावा लागतो. पास्त्याचे पाकीट आता तालुक्याच्या गावातही मिळते आणि काळ्या रश्श्यात तो घालून पाहायला हरकत नाही; फक्त आधी वेगळा उकळून घ्यावा आणि रश्श्यात दोनच मिनिटे ठेवावा. बेसनाचा खमंगपणा मात्र त्यात येत नाही.

शेवभाजीत घाई हाच नियम. रस्सा ताटलीत वाढल्यावरच शेव घालायची. भगोण्यात घातली तर पाच मिनिटांत तिचे पिठले होते. शेव जाड, भाजीची म्हणून मिळते तीच घ्यावी.

सोबत दादर ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, नाहीतर ज्वारी आणि अख्ख्या उडदाच्या पिठाची कळण्याची. फोडलेला कांदा, लिंबू, भाजलेली बिबडी, म्हणजे ज्वारीचे पापड. भाकरी ताटात चुरून तिच्यात खळगा करायचा आणि त्यात रस्सा ओतायचा. चमच्याने खाणाऱ्याकडे अजूनही पाहुण्यासारखे पाहतात. उरलेला पाटोडीचा रस्सा सकाळपर्यंत भगोण्यात थिजतो, पाटोड्या फुगून दुप्पट झालेल्या असतात. त्यात वाटीभर उकळते पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा चुलीवर चढवतात, आणि आदल्या रात्री उशिरा आलेल्याच्या वाट्याला तो येतो.