सामायिक लायब्ररी आणि मुक्त परवाना : परवानगीच्या सीमारेषेचा इतिहास
(खानदेशातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात बसून ग्रंथ सिद्ध करणाऱ्या अभ्यासकापुढे दोन मार्ग असतात. राजवाडे यांनी संपादिलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतील एखादे पत्र तो आपल्या ग्रंथात जसेच्या तसे उतरवून घेऊ शकतो. अथवा खंड व लेखांक यांचा निर्देश करून वाचकाला मूळ खंडाकडे पाठवू शकतो. पहिल्या मार्गाने ग्रंथ स्वयंपूर्ण होतो. मात्र पुढे त्या साधनाचे अधिक शुद्ध वाचन प्रसिद्ध झाले तरी ग्रंथातील उतारा जुनाच राहतो. दुसऱ्या मार्गाने वाचक सुधारलेल्या आवृत्तीपर्यंत पोहोचतो.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हाच भेद स्थिर जोडणी आणि सामायिक लायब्ररी या नावांनी ओळखला जातो. येथे लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमना उपयोगी पडणाऱ्या तयार कार्यांचा संच होय. स्थिर जोडणीत हा संच प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच समाविष्ट होतो; सामायिक लायब्ररी मात्र स्वतंत्र फाइलमध्ये राहते आणि प्रोग्रॅम चालताना जोडली जाते. या जोडणीसाठी मुक्त परवान्यांनी कोणत्या अटींवर परवानगी दिली, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परवान्याची जडणघडण

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये जीपीएल हा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. त्यानुसार मूळ कृतीवर आधारलेली नवी कृती वितरित करताना ती त्याच परवान्याखाली, सोर्स कोडसह द्यावी लागते. परंतु लायब्ररीच्या बाबतीत हा नियम सर्वत्र लागू करणे सोयीचे नव्हते. सी भाषेच्या लायब्ररीला पर्याय उपलब्ध होते. कठोर अट घातली असती तर व्यावसायिक प्रोग्रॅमकार त्या पर्यायांकडे वळले असते. म्हणून जून १९९१ मध्ये लायब्ररींसाठी स्वतंत्र परवाना आला. फेब्रुवारी १९९९ मध्ये २.१ या आवृत्तीच्या वेळी ‘लायब्ररी’ऐवजी ‘लेसर’, म्हणजे ‘उणा’, असे त्याचे नामांतर झाले. प्रत्येक लायब्ररीसाठी हाच परवाना योग्य आहे असा समज होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. २००७ मध्ये तिसरी आवृत्ती आली.

रीडलाइन ही लायब्ररी मात्र जीपीएलखालीच ठेवण्यात आली. १९९२ मध्ये क्लिस्प या प्रोग्रॅमचे कर्ते ब्रुनो हाइबल आणि स्टॉलमन यांच्यात याच जोडणीवरून पत्रव्यवहार झाला व अखेरीस क्लिस्प जीपीएलखाली प्रसिद्ध झाला. सामायिक पद्धतीने जोडले म्हणजे कोणतेही बंधन उरत नाही, हा समज परवान्याच्या कर्त्यांना तेव्हाही मान्य नव्हता.

एलजीपीएलची खरी अट

एलजीपीएलमध्ये दोन्ही प्रकारच्या जोडणीस परवानगी आहे. मुख्य प्रोग्रॅमचा सोर्स कोड देण्याची सक्ती नाही. मात्र लायब्ररीचा उपयोग केल्याचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो, परवान्याची प्रत सोबत द्यावी लागते आणि प्रोग्रॅम घेणाऱ्यास लायब्ररीची सुधारित आवृत्ती बसविता आली पाहिजे. सामायिक लायब्ररीत फाइल बदलून हे साधते. स्थिर जोडणीत पुन्हा जोडणी करता येईल असे साहित्य पुरवावे लागते. तात्पर्य, परवान्याचा केंद्रबिंदू जोडणीचे तंत्र नसून ग्रहण करणाऱ्याचा दुरुस्तीचा हक्क हा आहे.

महाराष्ट्रातील एक समांतर उदाहरण

अक्षरवळणांबाबतही असाच प्रश्न उद्भवतो, कारण पीडीएफ फाइलमध्ये फॉन्ट अंतर्भूत होतो. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित फॉन्ट जीपीएलखाली खुले केले. त्यांच्या विकासात कंपनीच्या पुणे कार्यालयाचा मोठा वाटा होता. २०११ मध्ये हे फॉन्ट ओपन फॉन्ट परवान्याखाली आले. फॉन्ट वापरून तयार केलेल्या दस्तऐवजास परवान्याची अट लागू होत नाही, असे या परवान्यात स्पष्टपणे नमूद आहे.

भारतीय कायदा आणि खानदेशातील महाविद्यालये

भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ मधील १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमला वाङ्मयीन कृतीचा दर्जा दिला. राजवाड्यांचा खंड आणि सी भाषेची लायब्ररी यांना कायद्याने अशा रीतीने एकाच पंक्तीत बसविले. १९९९ च्या दुरुस्तीने भिन्न प्रोग्रॅम परस्परांशी जुळविण्यासाठी आवश्यक माहिती मिळविण्यास काही मर्यादेत मुभा दिली. २०१२ मध्ये कलम ३० मधील परवान्यावर स्वाक्षरीची अट वगळली गेली. लेखी स्वरूपाची अट कायम राहिली. स्वाक्षरीविना सर्वांना दिल्या जाणाऱ्या सार्वजनिक परवान्यांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होय.

जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे कार्यक्षेत्र असलेले जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. विद्यापीठ आणि लायब्ररी-परवाना यांचे वय जवळजवळ सारखेच. संगणक अभ्यासक्रमांत विद्यार्थी प्रकल्प तयार करतात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने क्यूटी या लायब्ररीच्या आधारे महाविद्यालयासाठी शुल्क-पावतीचा प्रोग्रॅम रचला. क्यूटीला २००९ मध्ये ४.५ या आवृत्तीपासून एलजीपीएलचा पर्याय लाभला. तो विद्यार्थी शिक्षण संपवून गेल्यावर लायब्ररीत सुरक्षेचा दोष आढळला, तर सामायिक फाइल बदलून महाविद्यालयास दुरुस्ती करता येईल. परंतु लायब्ररी स्थिर जोडलेली असेल आणि जोडणीचे साहित्य दिले नसेल, तर परवान्याचा भंग होतोच, शिवाय संस्थेचे कामकाज सदोष प्रोग्रॅमशी बांधले जाते.

निष्कर्ष

मुक्त परवान्याचा इतिहास हा फुकट मिळण्याचा इतिहास नसून दुरुस्तीचा अधिकार पुढच्या हाती सोपविण्याचा इतिहास आहे. प्रकल्प स्वीकारताना वापरलेल्या लायब्ररींची नावे, आवृत्त्या, परवाने व जोडणीचा प्रकार यांची नोंद घेण्याचा प्रघात प्राध्यापकांनी पाडल्यास हा अधिकार महाविद्यालयांच्या हाती राहील. तळटीपेविना प्रबंध स्वीकारला जात नाही; परवान्याच्या नोंदीविना प्रकल्पही स्वीकारला जाऊ नये.