बारा फुटांवरची तार

एरियल जितकें उंच तितकें दूरचें ऐकूं येतें, असा सर्वसाधारण समज आहे. १९२१ सालीं स्कॉटलंडांतील आर्ड्रोसन गांवीं जें घडलें तें आम्हांस ह्या समजाविरुद्ध साक्ष देणारें वाटतें.

अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्यानें हौशी बिनतारीवाल्यांना २०० मीटर व त्याखालील लहरींत कोंडलें होतें. त्या लहरी दूरच्या दळणवळणास निकामी, असें जाणत्यांचें मत. आणि १९२१ च्या फेब्रुवारींतला अटलांटिकपार प्रयत्न फसल्यानें तें दृढच झालें. तेव्हां तेथील हौशी संघानें पॉल गॉडली ह्यांस ऐकण्याकरितां धाडलें. डिसेंबरच्या थंडींत समुद्रकांठीं तंबू ठोकून गॉडलींनीं मनोरा उभारला नाहीं. जेमतेम बारा फुटी खांबांवरून सुमारें १३०० फूट तार अमेरिकेच्या रोखानें आडवी नेली. ही बेव्हरेज ह्यांची युक्ति. अशी तार क्षीण ऐकते खरी, परंतु आपल्या रोखाचेंच मुख्यतः ऐकते, व इतर बाजूंचा खरखराट मागें पडतो. ऐकणाराचा खरा वैरी अंतर नसून तो खरखराट होय!

१२ डिसेंबरच्या पहाटें कनेक्टिकटमधील ग्रिनिचच्या हौशी केंद्राचा संपूर्ण संदेश गॉडलींनीं उतरून घेतला. तें केंद्र २३० मीटरांच्या आसपास बोलत होतें, हें मात्र नमूद केलें पाहिजे. शिवाय पाठविणारांचें एरियल उंचच होतें, आणि त्याखालीं तारांचें जाळें पसरलेलें होतें. बोलण्याची गरज निराळी, ऐकण्याची निराळी. पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत सुमारें ११० मीटरांवर फ्रान्स व अमेरिका येथील हौशी परस्परांशीं बोलूं लागले.