बूस्टचा लगाम: टर्बोचार्जर नियंत्रणाचा इतिहास आणि दोषशोध

प्रस्तावना

जबलपूर जिल्ह्यातील पाटन हा शेतीप्रधान तालुका आहे. मटार आणि गव्हाच्या हंगामात इथे माल वाहणारी जवळपास प्रत्येक नवी डिझेल गाडी टर्बोचार्जरवर चालते. “गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते” अशी तक्रार आली की पुष्कळदा थेट “टर्बो गेला” असे निदान होते. नवा टर्बो हजारो रुपयांना पडतो. खरा दोष मात्र एखाद्या सैल होज पाइपात असू शकतो. अशा वेळी नेमके कुठे पाहायचे, हे बूस्ट नियंत्रणाच्या इतिहासातून चांगले कळते. हे नियंत्रण एकदम जन्माला आले नाही. ते थरावर थर चढत गेले, आणि प्रत्येक थराने स्वतःचे दोषही सोबत आणले.

१. नियंत्रणाविना टर्बो

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंनी टर्बाइन फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा भरायची, ही ती कल्पना. तिचे पहिले व्यावहारिक यश १९२० च्या दशकात जहाजांच्या डिझेल इंजिनांत दिसले. जहाजाचे इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने चालते. त्या वेगाला जुळणारे टर्बाइन बसवले की काम भागते, वेगळ्या नियंत्रणाची गरज फारशी पडत नाही.

विमानांचा प्रश्न निराळा होता. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची शक्ती घटते. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये टर्बो लावलेले लिबर्टी इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक पर्वतावर नेऊन तपासले. पण उंचीवर पुरेशी हवा देणारा टर्बो जमिनीजवळ गरजेपेक्षा जास्त हवा देतो. म्हणून टर्बाइनला वळसा घालून काही वायू बाहेर सोडणारी झडप आली. हाच वेस्टगेट. सुरुवातीला तो वैमानिक स्वतः हाताने उघडत-मिटत असे.

२. स्प्रिंगपासून संगणकापर्यंत

मोटारगाडीचा वेग आणि भार क्षणाक्षणाला बदलतो. चालकाने दर वेळी हाताने झडप हलवणे शक्य नाही. १९६२ मध्ये आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत स्वयंचलित वेस्टगेट होता. कॉम्प्रेसरचा दाब एका पडद्यावर येतो, स्प्रिंगचा जोर ओलांडला की झडप उघडते. तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर १०.२५ इतके उंच असल्याने नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारावे लागे. अनेक मालक ते मिश्रण भरायला विसरत. दोनच वर्षांत ही गाडी बंद झाली.

स्प्रिंगला फक्त दाब कळतो. इंधनाची प्रत किंवा नॉकिंग तिला कळत नाही. ही उणीव साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी एपीसी प्रणालीने भरून काढली. नॉकिंग ओळखणारा सेन्सर आणि वेस्टगेटचा दाब कमी-जास्त करणारा सोलेनॉइड वाल्व्ह यांची तिने सांगड घातली. पुढे टर्बाइनभोवतीची पाती फिरवणारा व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो आला. डिझेल गाड्यांत तो विशेष रुळला.

३. आपल्याकडचा प्रवास

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या वाहन निर्माणी कारखान्यात सैन्यासाठी शक्तिमान ट्रक बनत. त्यांच्या इंजिनाला टर्बो नव्हता. त्यानंतर इथेच बनलेल्या स्टॅलियन ट्रकला टर्बो मिळाला. महाराष्ट्रात १९९८ मध्ये पुण्याची टाटा सफारी आणि २००२ मध्ये नाशिकची महिंद्रा स्कॉर्पिओ टर्बोडिझेल इंजिनासह आल्या. रांजणगावला बनलेले १,२४८ घनसेंमीचे मल्टिजेट इंजिन अभ्यासाला फार उपयोगी आहे. साध्या टर्बोसह ते सुमारे ७५ पीएस देई. व्हेरिएबल टर्बो आणि त्याला जुळणारे इंधन नियोजन केल्यावर सुमारे ९० पीएस देई. मूळ इंजिन तेच होते, लगाम बदलला होता.

४. दोषशोध: जुन्या थरापासून नव्याकडे

नळी निघाल्यावर काय होते ते पाहा. साध्या टर्बोत वेस्टगेट दाबाने उघडतो. त्याची नळी निघाली तर झडप मिटलेलीच राहते आणि बूस्ट मर्यादेबाहेर जातो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हेरिएबल टर्बोत नळी निघाली की पाती उघडी पडतात आणि बूस्ट मिळतच नाही. दोष तोच, लक्षण उलटे! म्हणून आधी गाडीत नियंत्रणाची कोणती पिढी आहे ते ओळखा. नंतर या क्रमाने जा:

• एअर फिल्टर, होज, क्लॅम्प आणि इंटरकूलर यांतली गळती तपासा. डिझेल गाडीत काळा धूर बहुधा हवा कमी पडल्याची खूण असते.
• वेस्टगेटची काडी किंवा पात्यांचा दांडा मोकळा हलतो का ते पाहा. काजळीने पाती अडकतात.
• व्हॅक्यूम आणि सोलेनॉइड तपासा.
• शेवटी सेन्सर पाहा. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू केल्यावर दाबाच्या सेन्सरने वातावरणाचा दाब दाखवला पाहिजे. सुमारे ४०० मीटर उंचीवर तो ९६ ते ९७ किलोपास्कल येतो.

स्कॅनरवर पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. हा कोड लक्षण सांगतो. कोणता भाग बिघडला हे तो सांगत नाही.

५. ट्यूनिंगची मर्यादा

बूस्ट वाढवताना आधी फक्त स्प्रिंगवर मिळणारा दाब मोजावा, मग सोलेनॉइडचे प्रमाण थोडे थोडे वाढवावे. एका वेळी एकच बदल करावा. आता थोडे गणित करू. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान, दाब दुप्पट आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा सुमारे १३८ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलर हवा तो यासाठीच.

उंचीचा हिशेब आणखी कडक आहे. निरपेक्ष दाब २०० किलोपास्कल ठेवायचा असेल तर पाटनला कॉम्प्रेसरचे दाब गुणोत्तर सुमारे २.१ लागते. ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब साधारण ५१ किलोपास्कल असतो. तिथे तेच गुणोत्तर ३.९ होते आणि टर्बो धोकादायक वेगाने फिरू लागतो. म्हणूनच कारखान्याचे सॉफ्टवेअर उंचीवर बूस्ट कमी करते. बाजारात चिप बदलून ही मर्यादा काढली, तर मैदानात गाडी जोरात धावते, पण घाटात टर्बो फुटण्याची भीती राहते. शिवाय उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांवर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेतच.

सारांश

जहाजात स्थिर वेगाने, विमानात वैमानिकाने आणि मोटारीत आधी स्प्रिंगने, मग संगणकाने बूस्टचा लगाम धरला. आजच्या गाडीत संगणक सर्वात वर आहे, पण त्याचा हुकूम पोहोचतो तो रबरी नळी आणि लोखंडी काडीमार्फतच. त्यामुळे तपासणी तिथून सुरू करावी.

स्वाध्याय

१. टर्बो असलेल्या दोन गाड्यांची नियंत्रण पद्धत ओळखा आणि नळी निघाल्यास प्रत्येकीत काय होईल ते लिहा.
२. तुमच्या गावाच्या उंचीवर २०० किलोपास्कल निरपेक्ष दाबासाठी लागणारे दाब गुणोत्तर काढा.