निष्काम कर्म मठ

स्त्रीशिक्षणाच्या कार्याला आयुष्य वाहिलेल्या सेवक-सेविकांचा संघ. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी तो ४ नोव्हेंबर १९०८ रोजी स्थापन केला. पुण्याजवळचे हिंगणे हे त्याचे मुख्य कार्यक्षेत्र. अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे शपथबद्ध भगिनीसंघ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचा ‘अल्फा कप्पा अल्फा’ हा संघही १९०८ मधलाच. महाराष्ट्रात त्यांच्या जोडीला बसवावी अशी संस्था म्हणजे हा मठ. मात्र त्यात पुरुषही होते आणि स्नेहापेक्षा कामाची बांधिलकी मोठी होती.

कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत; तास आटोपले की आश्रमासाठी लागणारे सामानसुमान घेऊन चिखलवाटेने हिंगण्याला चालत जात. १९०७ मध्ये कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघाले आणि हा व्याप एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेर गेला. पगारी माणसे मिळाली असती, पण टिकली नसती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांचा भारत सेवक समाज (१९०५) ही उदाहरणे पुण्यातच होती. त्याच धर्तीवर मठाच्या सभासदांनी शपथ घ्यायची होती. सारी शक्ती मठाच्या कामी लावावी, स्वतःच्या लाभाची इच्छा धरू नये आणि मठ देईल त्या निर्वाहवेतनात समाधान मानावे, हा तिचा गाभा.

मठाचे खरे महत्त्व त्यातील स्त्रियांमुळे आहे. आश्रमात विधवा आश्रित म्हणून येई. मठात तीच कार्यकर्ती होई. समाजसुधारणेच्या इतिहासात कर्व्यांचे नाव पुढे राहते व या बायका तळटीपेत जातात, हे न्यायाचे नाही. वेणूबाई नामजोशी आणि पार्वतीबाई आठवले या त्यांतल्या प्रमुख.

पार्वतीबाई (जन्म १८७०) या कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांच्या भगिनी. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. शिक्षण सुरू झाले तेव्हा पंचविशी उलटून गेली होती. पुढे त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या, व्याख्याने दिली. सोवळ्या विधवेच्या वेषात फिरल्याने सनातनी घरांचीही दारे उघडत. केशवपन त्यांनी १९१२ मध्ये सोडले, तेव्हा टीकाही झाली. इंग्रजी जेमतेम येत असताना १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून पोट भरले, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी निधी जमवून १९२० मध्ये परतल्या.

मठ, आश्रम आणि विद्यालय या तिन्ही संस्था कालांतराने एकत्र करण्यात आल्या. पार्वतीबाईंचे आत्मचरित्र ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. जस्टिन ॲबट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १९३० मध्ये केला.