२१ ऑक्टोबर : पडद्यावरची एलायझा

न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन थिएटरात १९६४ साली आजच्या दिवशी ‘माय फेअर लेडी’ हा चित्रपट झळकला. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’. त्यावरची संगीतिका ब्रॉडवेवर १९५६पासून साडेसहा वर्षे चालली. तिथली नायिका एलायझा म्हणजे ज्यूली अँड्र्यूज. पण निर्माते जॅक वॉर्नर यांना पडद्यावर नावाजलेला चेहरा हवा होता. भूमिका ऑड्री हेपबर्नकडे गेली, तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली. चित्रपटाला ८ ऑस्कर मिळाली. हेपबर्नला साधे नामांकनही नाही! त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, ‘मेरी पॉपिन्स’साठी, डावलली गेलेली अँड्र्यूजच. नायक हिगिन्सच्या भूमिकेत मात्र रंगमंचावरचाच रेक्स हॅरिसन होता. मराठीत ही एलायझा १९७५ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’ या नाटकातून आली, भक्ती बर्वे यांच्या ठसक्यात.