वाढदिवस मोठ्यांचा, चुका यजमानाच्या

आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली तेव्हा आम्ही भावंडांनी तिचा वाढदिवस थाटात करायचे ठरवले, आणि तेही तिला न सांगता. फोंड्याला हॉल घेतला, केक सांगितला, निवेदक ठरवला, दीडशे माणसे जमवली. देवळात जाऊन येऊया असे सांगून तिला गाडीत बसवले. सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले. भाषणे झाली, फोटो चांगले आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने एवढेच विचारले, "डिचोलीची ताई का आली नव्हती रे?"

ताई म्हणजे आमची मोठी मावशी. मला वाटले होते तिला धाकट्या भावाने कळवले, त्याला वाटले मी कळवले. मावशी त्याच पावसाळ्यात गेली.

तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. लहान मुलांचा वाढदिवस निभावून जातो, फुगे आणि खाऊ असला की मुले खूश. मोठ्या माणसाचा वाढदिवस करताना मात्र यजमान हमखास चुकतो. आणि हे काही आजचे नाही. जुनी पुस्तके चाळताना माझ्या असे लक्षात आले की माणूस निदान दोन हजार वर्षे त्याच त्या चुका करत आला आहे.

पहिली गोष्ट आमंत्रणाची. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलँडा नावाचे एक रोमन ठाणे होते. तिथे उत्खननात लाकडाच्या पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. त्यांतले एक साधारण इसवी सन १०० च्या सुमाराचे आहे. क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईने आपली मैत्रीण सल्पिसिया लेपिडिना हिला स्वतःच्या वाढदिवसाचे आमंत्रण दिले आहे. दोघीही लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका, मायदेशापासून दूर पडलेल्या. तारीख स्पष्ट दिली आहे, आपल्या हिशेबाने ११ सप्टेंबर. तू आलीस तर माझा दिवस अधिक आनंदाचा होईल, असा आशय आहे. नवऱ्याचा आणि मुलाचा नमस्कारही कळवला आहे. मजकूर लेखनिकाने लिहिला, पण शेवटच्या ओळी सेव्हेराने स्वतःच्या हाताने लिहिल्या आणि तिथे मैत्रिणीला बहीण म्हटले. बाईच्या हाताने लिहिलेल्या लॅटिनचा हा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक समजतात. लेपिडिना गेली की नाही, कोण जाणे. पण ते वाचताना मला मावशी आठवली. आम्ही दीडशे पत्रिका छापल्या, पण जिच्यासाठी दोन ओळी हाताने लिहायला हव्या होत्या तीच राहून गेली.

बादशहाच्या घरीही हेच घडले होते. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१६ साली अजमेरला जहांगीराच्या दरबारी होता. वाढदिवसाला बादशहाची सोन्याचांदीने तुला होई. तो सोहळा रोने पाहावा म्हणून बादशहाने त्याला बोलावण्याची आज्ञा दिली. पण निरोप्याने घोळ घातला, आणि साहेब पोचेपर्यंत तुला होऊन गेली होती. त्याच दिवशी पुढे बादशहाने त्याला सोन्याच्या पेल्यातून मद्य पाजले. ते इतके कडक होते की रोला शिंका आल्या आणि बादशहा हसत सुटला. पाहुण्याला जे पाहायचे होते ते राहिले, जे नको होते ते पदरात पडले. आपल्याकडच्या कितीतरी पार्ट्यांचे वर्णन या एका वाक्यात बसते!

दुसरी गोष्ट तारखेची. वाढदिवस नेमका कधीचा? माझ्या टेबलावरून जन्मतारखेचे कागद रोज जातात. मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेच्या दाखल्यातली तारीख म्हणजे नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली. खरा जन्मदिवस घरात तिथीने लक्षात ठेवलेला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, त्यात अधिक मास, म्हणून तिथी पुढेमागे सरकते आणि साधारण १९ वर्षांनी पुन्हा तारखेच्या जवळ येते. अकबराच्या दरबाराने यावर सोपा तोडगा काढला होता. अबुल फजलाने आईने अकबरीत नोंदवले आहे की बादशहाची तुला वर्षातून दोनदा होई, एकदा सौर कालगणनेने आणि एकदा चांद्र. तुलेतले द्रव्य गरजूंना वाटले जाई. आम्ही आईची तिथीही पाहिली नाही, तारीखही पाहिली नाही, हॉल मोकळा असलेला रविवार पाहिला.

तिसरी चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडलेली. गोव्यात २४ जूनला सांजांव येतो. डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून, भर पावसात तरुण मुले विहिरीत उड्या घेतात. हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जन्माचा सण. चर्चमध्ये संतांचे स्मरण बहुतेक त्यांच्या मृत्यूच्या दिवशी होते. जन्मदिवस पाळतात तो येशूचा, ८ सप्टेंबरला मोंती सायबिणीचा म्हणजे मारियेचा, आणि या योहानाचा. आता गंमत म्हणा की दुर्दैव, याच योहानाचा जीव गेला तो एका वाढदिवसाच्या मेजवानीत. मार्कच्या शुभवर्तमानातली गोष्ट अशी की हेरोद राजाने आपल्या वाढदिवसाला सरदार, अधिकारी आणि गालीलातली बडी माणसे जेवायला बोलावली. हेरोदियेच्या मुलीने नाच केला. राजा खूश झाला आणि सर्वांदेखत म्हणाला, माग हवे ते, अर्धे राज्यसुद्धा देईन. तिने आईला विचारले आणि योहानाचे शिर मागितले. राजाला वाईट वाटले, पण पाहुण्यांसमोर शब्द दिला होता. मागे घेतला असता तर मान गेला असता. शेवटी गेले ते तुरुंगातल्या माणसाचे डोके.

तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने तर यावरून लिहिले की शास्त्रात वाढदिवस साजरा करणारे सापडतात ते फारो आणि हेरोद, एकही संत नाही. मला एवढे टोक गाठायचे नाही. पण यजमान वाढदिवस विसरून पाहुण्यांसमोर स्वतःला मिरवू लागला की काय होते, ते या गोष्टीत आहे. आमच्या हॉलमध्ये कोणाचे शिर गेले नाही. पण मी केलेले अकरा मिनिटांचे भाषण नंतर व्हिडिओत पाहिले, तर त्यात आई कमी आणि मीच जास्त होतो.

आता आपल्याकडे काय सांगितले आहे ते पाहू. वाढदिवसाला शास्त्रग्रंथांत वर्षवृद्धी असा शब्द आहे. कमलाकरभट्टाच्या १६१२ च्या निर्णयसिंधूत तिचा विधी येतो. अभ्यंगस्नान करावे, मार्कंडेयाची आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांची पूजा करावी, तीळ आणि गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध प्यावे. एवढाच थाट! आणि त्याबरोबर त्या दिवशी काय करू नये याची यादी आहे. नखे-केस कापू नयेत, संग करू नये, प्रवास करू नये, मांस खाऊ नये, भांडण करू नये, हिंसा करू नये. भांडण करू नये हे वाचून मी थबकलो. आमच्याकडे हॉलच्या भाड्यावरून भावाभावांत जे बोलणे झाले ते त्याच दिवशी झाले, आणि आईने ऐकले.

सेन्सोरिनस नावाच्या रोमन पंडिताने इसवी सन २३८ मध्ये आपल्या आश्रयदात्याला वाढदिवसाची भेट म्हणून एक पुस्तक लिहून दिले. त्यात तो म्हणतो की वाढदिवसाला पूर्वज देवाला पशुबळी देत नसत, मद्य वाहत. ज्या दिवशी आपल्याला जीव मिळाला त्या दिवशी दुसऱ्याचा घेऊ नये. रोम कुठे, काशी कुठे, पण दोघांनाही सुचले ते सारखेच.

केक आणि मेणबत्त्यांना नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. जर्मनीत काउंट झिंझेनडॉर्फच्या वाढदिवसाला १७४६ साली मोठा केक करून वयाइतक्या मेणबत्त्या लावल्याची नोंद आहे, म्हणजे ही पद्धत शेचाळीस वर्षांच्या माणसासाठीही होतीच. मात्र केकच्या गडबडीत औक्षण राहते. आमचे वडील गेल्यापासून आईला कोणी ओवाळलेच नव्हते. विधवेला ओवाळायचे की नाही, अशी कुजबूज त्या दिवशीही झाली आणि कोणीच पुढे झाले नाही. ही चूक शास्त्राच्या माथी मारता येत नाही. आयुष्य वाढो म्हणून ओवाळायचे, तर ते तिला का नको?

पुढच्या वर्षी आम्ही तिथी धरली. महिनाभर आधी तिलाच विचारले, कोणाला बोलवू? तिने नऊ नावे सांगितली. त्यांतल्या दोघी शाळेतल्या मैत्रिणी, एक जुनी शेजारीण. फोन मी स्वतः केले. घरीच खतखते आणि मणगणे केले, तिच्या मधुमेहामुळे गूळ बेताने. सुनेने तिला ओवाळले. भाषण झाले नाही. जेवताना तिने मावशीच्या लहानपणीच्या दोन गोष्टी सांगितल्या, आम्ही कधी न ऐकलेल्या. मावशी असती तर त्या दोघींकडून मिळून ऐकल्या असत्या.

तुमच्याही घरात कोणाची साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन जवळ आले असेल. हॉल ठरवण्याआधी त्यांना एकदा विचारा, कोणाला बोलवायचे?