वादीभर जमीन : जव्हार ऐकताना

युरोपातल्या जुन्या शहरांमध्ये आता वाटाड्याची गरज उरलेली नाही. मोबाईलवर ध्वनिफीत लावायची, इयरफोन कानात घालायचे आणि एकट्यानेच निघायचं. आवाज सांगतो, 'उजवीकडे वळा, समोर थिएटर आहे.' आपण वळतो, बघतो, पुढे जातो. आज आपल्याला अशीच एक फेरी जव्हारमध्ये मारायची आहे. पण आधी थोडा वेळ स्पेनमध्ये थांबू या, कारण तिथल्या एका शहराचं आणि जव्हारचं एक विलक्षण नातं आहे.

हे शहर म्हणजे कार्ताहेना. भूमध्य समुद्रावरचं बंदर. इ. स. पूर्व २२७ च्या सुमारास कार्थेजच्या हास्द्रुबालने ते वसवलं. पुढे २०९ मध्ये रोमन सेनापती स्किपिओने ते जिंकलं. तिथलं रोमन थिएटर शतकानुशतकं घरांच्या खाली गाडलं गेलं होतं, ते १९८८ साली सापडलं. आता ज्या कार्थेजवरून या शहराचं नाव आलं, त्याच्या स्थापनेची कथा बघा. डिडो नावाची राणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिने तिथल्या लोकांकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मागितली. मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी अख्खी टेकडी वेढून घेतली. व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यातही या कथेचा उल्लेख आहे.

आणि जव्हार? थळ घाटाजवळच्या मुकणे गावी गढी असलेला जयबा नावाचा महादेव कोळी सरदार जव्हारला आला. त्याने इथल्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली. वारली प्रमुख हो म्हणाला. कातड्याच्या वाद्या झाल्या आणि राज्य वेढलं गेलं! ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने ही दंतकथा नोंदवून ठेवली आहे. जयबाचा मुलगा नीमशाह याला दिल्लीच्या सुलतानाकडून मान्यता मिळाली आणि ५ जून १३४३ पासून जव्हार संस्थानाने स्वतःचा शक धरला.

व्हर्जिल जव्हारला कुणी आणला, असं आपण विचारू. पण अशा वादीच्या कथा जगात इतरत्रही सापडतात. कथा कुठून आली यापेक्षा ती काय सांभाळून ठेवते, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. राज्याची स्थापना सांगणाऱ्या या कथेतच एक कबुली दडलेली आहे. जमीन आधी दुसऱ्याची होती, आणि ती शब्द पाळणाऱ्याच्या हातून शब्द फिरवणाऱ्याच्या हाती गेली. विजेत्याच्या गुणगानात हरलेल्याचा साधेपणाही टिकून राहतो. इतिहासाच्या अभ्यासकाला असं सोनं क्वचितच मिळतं.

चला, आता फिरू या. पहिला थांबा शिर्पामाळ. १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर असताना शिवाजी महाराज आणि जव्हारचे विक्रमशाह यांची इथे भेट झाली, असं परंपरा सांगते. दुसरा थांबा जयविलास राजवाडा. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या नावाशी जोडलेली ही देखणी, पाश्चात्त्य धाटणीची वास्तू. १९४८ साली संस्थान विलीन झालं. तिसरा थांबा हनुमान पॉइंट, चौथा दाभोसा धबधबा. 'पालघरचं महाबळेश्वर' म्हणून फेरी इथे संपवता येईल. छायाचित्रंही छान येतील.

पण कार्ताहेनात थिएटर बघताना एक गोष्ट कानात सांगितली गेली पाहिजे. त्या शहराजवळच्या चांदीच्या खाणींत चाळीस हजार माणसं राबत होती, असं पॉलिबिअसने नोंदवलं. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. संगमरवर दिसतो, खाण दिसत नाही.

म्हणून आपल्या फेरीला आणखी थांबे हवेत. वावर-वांगणी. जव्हार तालुक्यातली ही गावं १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्राला कळली. तिथे स्मारक लागतं का? लागतं, निदान दोन मिनिटांच्या आवाजाचं. पुढे मोखाडा. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं. मोखाडा-शहापूर भागातलं मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये सुरू झालं. आणि उन्हाळ्यात याच मोखाड्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. आता वेढणाऱ्या वादीऐवजी जलवाहिनी आली आहे, इतकंच.

मग शेवटी बोहाडा. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून जव्हार-मोखाड्यात रात्रभर सोंगं निघतात. ते पाहायला तारीख गाठावी लागते, वास्तू तर तिथे नसतेच. खूणगाठ म्हणजे दगडच असला पाहिजे, ही आपली समजूत इथे मोडते.

तत्त्वज्ञानात आपण ज्ञानाचं एक साधन म्हणून शब्दप्रमाण मानतो. आप्ताचं, म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो खरं सांगू इच्छितो, त्याचं वचन. कानातला आवाज आपण याच विश्वासावर ऐकतो. तेव्हा जव्हारचा आप्त कोण? राजवाड्याबद्दल मुकणे घराण्याचं वचन ऐकू, जरूर ऐकू. पण कातड्याची गोष्ट वारल्याच्या तोंडून वारली बोलीत ऐकायला हवी, आणि हंड्याची गोष्ट हंडा वाहणाऱ्या बाईकडून. फोन आता पाड्यापाड्यावर आहेत. इथल्या शाळा-कॉलेजातल्या मुलांनी आपल्या आज्यांचे आवाज वारली, कोकणी, कातकरी बोलीत नोंदवले आणि खाली मराठी अर्थ दिला, तर फेरी तयार होईल. आज्या थांबणार नाहीत, म्हणून हे काम या उन्हाळ्यातच सुरू व्हावं, एवढीच विनंती.